नऊ एकांची ओळ

वार्षिकांकासाठी काही तरी लिहून द्या, असे संपादक मंडळातील मुलांनी सांगितले, तेव्हा मराठीच्या बाई एखाद्या कवीवर किंवा पावसावर लिहितील, अशीच त्यांची अपेक्षा असणार. पावसावर मी पूर्वी लिहिले आहे. या खेपेस मी एका आकड्यावर लिहिणार आहे. गणितात नापास झालेल्या बाईने आकड्यावर लिहावे हे विपरीत खरे. पण या आकड्याचे माझ्यावर जवळजवळ चाळीस वर्षांचे देणे आहे, आणि देणे फार दिवस अंगावर ठेवू नये, असे आमचे बाबा म्हणत.

आकडा असा : १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१.

स्वल्पविराम काढून टाकले की त्याचे रूप अधिक खुलते : १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून पायरी पायरीने नवापर्यंत चढायचे आणि तसेच पायरी पायरीने खाली उतरायचे. डावीकडून वाचा की उजवीकडून, आकडा तोच. महालातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात तुळशीच्या ओट्याला दोन्ही बाजूंनी पायऱ्या होत्या. लहानपणी आम्ही एका बाजूने चढत असू आणि दुसऱ्या बाजूने उतरत असू. हा आकडा पाहिला की मला तो ओटा आठवतो.

बाबा इतवारीतल्या एका धान्याच्या घाऊक दुकानात मुनीम होते. सकाळी दहाला पायी निघत आणि रात्री आठला पायीच परतत. शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचे. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळे तोंडपाठ. साडेतीन पटीचा पाढा आपल्या मुखी असावा असे आज कुणाला वाटणार नाही. पण पोत्यांचे, मणांचे, शेरांचे व्यवहार ज्यांनी पाहिले, त्यांना औटकी ही चैनीची गोष्ट नव्हती. बाबांच्या हाताला शाईचा वास येई आणि कानाला अडकवलेला बोरू जाऊन पुढे साधे पेन आले, तरी ते कानालाच असे.

रात्री जेवणे झाली की ते घरखर्चाची वही काढीत. दुकानातली कीर्द-खतावणी निराळी, ही घरची. दूध, भाजी, रॉकेल, माझी पेन्सिल. मी आकडे वाचायचे, त्यांनी तोंडी बेरीज करायची, मग मी कागदावर करून ताडून पाहायची. शेवटी ते म्हणत, "आता ताळा पाहा."

आजच्या मुलांना ताळा ठाऊक नसेल म्हणून सांगते. कुठल्याही संख्येतले आकडे एकमेकांत मिळवत जायचे, एकच आकडा उरेपर्यंत. ४७ म्हणजे ४ आणि ७ अकरा, १ आणि १ दोन. ४७ चा ताळा दोन. दोन संख्यांचा गुणाकार केला, तर त्यांच्या ताळ्यांचा गुणाकार आणि उत्तराचा ताळा जुळला पाहिजे. हा नवाचा ताळा, कारण नवाने भागून जी बाकी उरते तीच या बेरजेतून हाती येते. बाबांना हे कारण ठाऊक होते की नाही, कोण जाणे. रीत मात्र पक्की ठाऊक होती, आणि तिची मर्यादाही. ते म्हणत, "ताळा चुकला तर हिशेब चुकलाच समज. पण ताळा जुळला म्हणून हिशेब बरोबर आहे, असं नाही बेटा."

१९८६ च्या मार्च महिन्यात मी दहावीच्या परीक्षेला बसले. जूनमध्ये निकाल लागला. नागपूरचा जून म्हणजे उन्हाळा गेला असे म्हणायचे नि घामाने चिंब होऊन बसायचे. वाळ्याचे तट्टे सुकत आलेले, पाऊस अजून आलेला नाही. मराठीत मी शाळेत पहिली आले होते. गणितात नापास. थोडक्यात नव्हे, चांगलीच नापास. शेजारच्या दोन मैत्रिणींच्या घरी पेढे वाटले गेले. आमच्या घरी आईने त्या दिवशी साधा वरणभात केला आणि कुणी कुणाशी बोलले नाही.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर फार बरे झाले असते. त्यांनी ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला. एकदा मात्र, नवरात्राच्या सुमारास, परीक्षा तोंडावर आलेली असताना, रात्री त्यांनी मला जवळ बोलावले.

"इकडे बस. अभ्यास नाही, गंमत सांगतो. अकराले अकरानं गुण."

"एकशे एकवीस."

"आता एकशे अकराले एकशे अकरानं."

मी कागदावर केले. बारा हजार तीनशे एकवीस. बाबांनी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

"दिसून राह्यलं का काही? आता पुढं तू कर. नऊ एक होईपर्यंत जायचं. पाहा तर खरं काय होते."

मला ते दिसत होते. पण मला ते पाहायचे नव्हते. चार महिने मी आकड्यांशी झुंजत होते, माझ्या बरोबरीच्या मुली अकरावीच्या वर्गात जाऊन बसल्या होत्या, आणि बाबा मला आकड्यांची गंमत सांगत होते. मी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "मला नाही करायचं. तुम्हाला आकड्यांशिवाय दुसरं येतं तरी काय बाबा? जन्मभर दुसऱ्यांचेच पैसे तर मोजले तुम्ही!"

सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडून गेलेले हे वाक्य. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकले. बाबांनी पेनाचे टोपण लावले, वही मिटली आणि दिवा मालवायला उठले. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाली. मी वाट पाहत होते. पण वही निघाली नाही. निघाली असेल तर मी झोपल्यावर. त्या दिवसापासून बाबांनी मला घरखर्चाची बेरीज कधीही सांगितली नाही, आणि ताळा पाहा असेही कधी म्हणाले नाहीत.

ऑक्टोबरला मी कशीबशी सुटले. पुढे कला शाखा, मग एम.ए., मग इथली नोकरी. बाबांनी एका शब्दाने कधी टोचले नाही. माझा लेख कुठे छापून आला की तो अंक ते हातात घेत, उलटसुलट पाहत आणि विचारीत, "किती पानं?" मी सांगे, "सहा." ते मान हलवीत. मला त्याचे हसू येई, कधी रागही येई. आता वाटते, आपल्याला येणाऱ्या एकुलत्या एका भाषेत ते माझी चौकशी करीत होते.

गेल्या वर्षी पौषात बाबा गेले. पुढे काही दिवसांनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. धोतरजोड्या, पंचांगे, दुकानाने दिवाळीला दिलेली एक चांदीची मुद्रा आणि घरखर्चाच्या वह्या, वर्षावार सुतळीने बांधलेल्या. १९८६ ची वही मी ओळखली. मागचे पान उघडले. माझ्यासमोर लिहिलेल्या चार ओळी होत्याच. त्यांच्या खाली, निराळ्या शाईने, आणखी चार ओळी होत्या : पाच एकांची, सहा एकांची, सात एकांची, आठ एकांची. प्रत्येक ओळीपुढे उत्तर. नवव्या ओळीत डावी बाजू लिहिलेली :

१११११११११ × १११११११११ =

आणि पुढे कोरे. ज्या माणसाने आठ ओळी सोडवल्या, त्याला नववी येत नव्हती असे नव्हे. आठव्या ओळीनंतर नववी सोडवावी लागतच नाही, नुसती लिहिता येते. ती जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

मी त्याच पानावर लिहायला धजावले नाही. वेगळा कागद घेतला आणि शाळेत शिकवतात तसा सरळ गुणाकार मांडला. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. मांडल्यावर मला प्रथमच उमगले की या आकड्यात जादू काहीच नाही. ओळी सरकत जातात म्हणून उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या घरात नऊच्या नऊ ओळी एकावर एक येतात. तिथून पुढे पुन्हा आठ, सात, सहा. म्हणजे हा आकडा ही निव्वळ मोजणी आहे. कोणत्या घरात किती एक येऊन उभे राहिले, एवढेच तो सांगतो.

उत्तर लिहिले आणि चाळीस वर्षांनी ताळा पाहिला. नऊ एकांची बेरीज नऊ. नऊ गुणिले नऊ एक्याऐंशी, म्हणजे ताळा नऊ. उत्तरातल्या आकड्यांची बेरीज एक्याऐंशी, ताळा पुन्हा नऊ. जुळला. मी समाधानाने कागद घडी करणार तोच लक्षात आले की मधल्या जागी मी ८९८ ऐवजी ९८८ लिहिले होते. आकडे तेच, जागा चुकल्या. आणि ताळ्याला जागा कळत नाही, नुसते आकडे कळतात. बाबांचे वाक्य आठवले. ताळा जुळला म्हणून हिशेब बरोबर आहे असे नाही.

अशा चुकीसाठी अकराचा ताळा असतो. उजवीकडून एक सोडून एक आकडे मिळवायचे, मधले वजा करायचे. नऊ एकांचा असा ताळा एक येतो, तेव्हा उत्तराचाही एक यायला हवा. माझ्या चुकलेल्या उत्तराचा आला उणे एक. आठ, नऊ, आठ असे नीट लावले, तेव्हा एक आला. ही युक्ती बाबांनी शिकवली नव्हती. आमच्याकडे गणित विभाग नाही. पण ग्रंथालयात गणिताची दोन कपाटे आहेत, जिच्याकडे कुणी फारसे जात नाही. त्या दिवसांत मी जाऊ लागले.

तिथे मला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर भेटले. हे नाव मी ऐकले होते. पण ते कुणी मोठे विद्यापीठातले विद्वान असतील अशी माझी समजूत. प्रत्यक्षात हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. आई लहानपणीच गेली, वडील कारकून आणि ज्योतिषाचा नाद असलेले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढचे शिक्षण मात्र घेतले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवले. उरलेला सगळा वेळ संख्यांच्या नादात.

माझ्या आकड्याला या मास्तरांनी नाव देऊन ठेवले होते. एकांच्या ओळींचे वर्ग, म्हणजे १२१, १२३२१ आणि त्याच जातीचे पुढचे, यांना त्यांनी 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हटले. डेम्लो म्हणजे ग्रीक शब्द असेल असे मला वाटले होते; तर ते आगगाडीच्या स्थानकाचे नाव निघाले! डोंबिवलीच्या स्थानकाला त्या काळी डेम्लो म्हणत आणि या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला, म्हणून संख्यांना स्थानकाचे नाव. मूळची डेम्लो संख्या जरा साधी असते. १६५ घ्या : कडेचे एक आणि पाच मिळून मधले सहा. २५५३ घ्या : दोन आणि तीन मिळून पाच, तो पाच मधे दोनदा. ४७७७३ मध्ये चार आणि तीन मिळून सात, तो मधे तीनदा. गाडीची वाट पाहणारा माणूस फलाटावर काय काय करतो! कुणी चहा पितो, कुणी वर्तमानपत्र वाचतो. या गृहस्थांनी फलाटाला अमर करून टाकले.

हर्षद संख्या हे नावही त्यांचेच. आपल्या आकड्यांच्या बेरजेने जी संख्या नि:शेष भागली जाते ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. बारा घ्या : एक आणि दोन तीन, तीनाने बाराला पूर्ण भाग जातो. मी लगेच माझा आकडा तपासला. आकड्यांची बेरीज ८१. नऊ एकांच्या ओळीला नवाने भाग जातो, तेव्हा तिच्या वर्गाला एक्याऐंशीने जायलाच हवा. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. तेव्हा माझा आकडाही हर्षद!

नऊ एकांना नवाने भागले तर १२३४५६७९ उरतात. नीट पाहा, यात आठ नाही. या संख्येला ६३ ने गुणा, नऊ सात मिळतील. ४५ ने गुणा, नऊ पाच मिळतील. या संख्येचे आणखी अवयव पाडले की ३७ आणि ३३३६६७ मिळतात, आणि त्यापुढे फोड होत नाही. दोन्ही मूळ संख्या. म्हणजे इतका लांबरुंद आकडा शेवटी तीनच मूळ संख्यांचा बनलेला आहे : तीन चार वेळा, सदतीस दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. त्यावरून हिशेब केला तर त्याला नि:शेष भागणाऱ्या संख्या बरोबर ४५ निघतात. एकापासून नवापर्यंतच्या आकड्यांची बेरीजही ४५. यात काही अर्थ नाही, हा योगायोग. पण योगायोगाने माणसाला आनंद होऊ नये असा नियम नाही. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

सगळ्यांत प्रसिद्ध झाला तो त्यांचा ६१७४. सगळे आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्यायची, तिचे आकडे उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने लावायचे आणि मोठीतून लहान वजा करायची. जे येईल त्याचे पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. माझ्या मनात एकच चार आकडी संख्या होती. ९८६१ मधून १६८९ गेले, ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या खेपेला ६१७४. १९८६ सालाचासुद्धा शेवट तिथेच होतो. कापरेकर गुरुजी त्याच १९८६ साली देवळालीला वारले, हे मला त्यानंतर कळले.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला होता. पण आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हे सारे पोरखेळ वाटत असे. शाळामास्तराची करमणूक, याला गणित कसे म्हणावे? पुढे १९७५ च्या मार्च महिन्यात 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळाली कळली. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आकड्यांशिवाय तुम्हाला दुसरे येते तरी काय, असे त्यांनाही कुणी तरी म्हटले असेलच. विद्वानांनी म्हटले असेल तर सभ्य शब्दांत म्हटले असेल, एवढाच फरक.

हा आकडा केवढा मोठा आहे, हेही सांगायला हवे. सेकंदाला एक या गतीने कुणी मोजत बसला, तर त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. आपल्या जुन्या मोजणीत एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थाने आहेत. आपला आकडा सतरा घरांचा. म्हणजे तो परार्धाच्या एक घर अलीकडे थांबतो, आणि त्या सतराव्या स्थानाचे नाव आहे 'मध्य'. आम्हा नागपूरकरांना हा शब्द जिव्हाळ्याचा. शून्य मैलाचा खांब आणि त्याजवळचे चार घोडे दाखवून देशाचा मध्य तो हाच, असे आम्ही पाहुण्यांना ठणकावून सांगतो.

ही अठरा स्थाने भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दिली आहेत. ग्रंथ ११५० सालचा. चाळीसगावाजवळच्या पाटणे गावी त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. म्हणजे हे घराणे आपल्या मातीतलेच म्हणायचे. लीलावतीची दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीच्या लग्नाची वेळ साधण्यासाठी बापाने घटिकापात्र लावले, तिच्या अंगावरचा मोती त्यात पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि तिचे दुःख हलके करावे म्हणून बापाने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. ही कथा फार पुढच्या काळात, सोळाव्या शतकातल्या फारसी भाषांतराबरोबर प्रसिद्ध झाली, तेव्हा इतिहास म्हणून तिला किंमत नाही. वर्गात मी ही कथा कितीदा सांगितली असेल! सांगताना नेहमी म्हणत असे, काय हा बाप, मुलगी रडते आहे आणि हा तिला उदाहरणे घालतो आहे. मुले हसत. मीही हसे.

आता मी ती कथा तशी सांगत नाही. ज्याच्याजवळ जे असते तेच तो देऊ शकतो. नवरात्रातल्या त्या रात्री बाबांनी मला अभ्यास दिला नव्हता. अभ्यास नाही, गंमत सांगतो, असे ते स्पष्ट म्हणाले होते. मीच ऐकले नाही.

तर मी नववी ओळ पूर्ण केली. मग वाटले, आलोच आहोत तर दहावीही करावी. दहा एक गुणिले दहा एक. मला वाटले होते की ओटा आणखी एका पायरीने उंच होईल. पण दहावी पायरी नाहीच. मधल्या घरात दहा एक जमतात आणि दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहायचे आणि हातचा एक डावीकडे द्यायचा. शेजारच्या घरात नऊ असतात, हातचा मिळून तिथेही दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या शेजारी आठ, तो हातचा घेऊन नऊ होतो. तिथे कुठे गडबड थांबते. उत्तर येते : १२३४५६७९००९८७६५४३२१.

चढण मोडली. डाव्या बाजूचा आठ नाहीसा झाला, शिखराच्या जागी दोन शून्ये येऊन बसली. उलटे वाचले तर आकडा तोच राहत नाही. इतकी सुरेख ओळींमागून ओळ चाललेली, आणि दहाव्या ओळीला असे व्हावे! दहावीतच माझेही झाले होते, हा विचार मनात आलाच. पण तो कोटीचा मोह मी आवरते.

मी सवयीने ताळा पाहिला. दहा एकांची बेरीज दहा, ताळा एक. एक गुणिले एक, एक. उत्तरातल्या आकड्यांची बेरीज ८२. आठ आणि दोन दहा, ताळा एक. अकराचा ताळाही पाहिला. दहा एकांचा शून्य, उत्तराचा शून्य. दोन्ही ताळे जुळले. तरीही बाबांचे वाक्य आठवून सगळी बेरीज घरोघरी पुन्हा करून पाहिली. बरोबर होती. नक्षी मोडली होती. हिशेब चुकला नव्हता.

हे बाबांना ठाऊक असणारच. आठ ओळी ज्याने केल्या आणि नववी मुलीसाठी ठेवली, त्याने दहावी कुठे तरी मनाशी करून पाहिलीच असेल. तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून राहिले असते, तर नववीनंतर ते हमखास म्हणाले असते, "आता दहावी कर." आणि नक्षी मोडलेली पाहून मी हिरमुसले असते, तर पुढचे वाक्य काय आले असते, तेही मला माहीत आहे.

१९८६ ची ती वही आता माझ्या टेबलावर असते. एके रात्री, जेवणानंतर, मी पेन घेतले आणि नवव्या ओळीची कोरी जागा भरली. अक्षर जरा हलले. खाली, बाबा लिहीत तसे, बारीक अक्षरांत लिहिले : ताळा ९.

मग दिवा मालवला.